संपर्कांचा आकडा जुळत नाही: रेसिड्यूंमधले कॉन्टॅक्ट मोजताना पुन्हा पुन्हा अडणाऱ्या जागा

प्रोटीनच्या साखळीतलं एकेक अमिनो आम्ल म्हणजे रेसिड्यू, आणि दोन रेसिड्यू ठरावीक अंतराच्या, म्हणजे कटऑफच्या, आत आले की तो त्यांचा संपर्क किंवा कॉन्टॅक्ट. हे संपर्क मोजतानाची तक्रार दर वेळी एकाच चालीवर येते. प्रोटीन तेच, फाइल तीच, कटऑफही तोच साडेचार अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग), तरी माझ्या स्क्रिप्टचा आकडा वेगळा आणि दुसऱ्या प्रोग्रामचा वेगळा. मग माणूस अंतराचं सूत्र तपासायला बसतो. तिथे काही सापडत नाही. तीन फरकांचे वर्ग, त्यांची बेरीज आणि वर्गमूळ, यात चुकायला जागा तरी किती? अख्खी दुपार त्यावर घालवल्यावर तो कटऑफ ४.५ चा ४.६ करतो, आकडे जवळ आले म्हणून सुस्कारा सोडतो आणि पुढे जातो. महिन्याभराने दुसऱ्या प्रोटीनवर तीच तक्रार परत.

मी हे काम रोज करते आणि वरचं सगळं स्वतः केलेलं आहे, कटऑफ सरकवण्यासकट. घोळ अंतर मोजण्याच्या आधीच होऊन गेलेला असतो: कोणते अणू यादीत शिरले, कोणते गळले, आणि तुमची स्क्रिप्ट ‘एक रेसिड्यू’ नेमकं कशाला म्हणते.

आधी वजाबाकी

एकूण आकड्याकडे बघून काही कळत नाही. दोन्हीकडून जोड्यांची पूर्ण यादी काढा. एका ओळीत एक जोडी: साखळीचं नाव, क्रमांक, क्रमांकाला चिकटलेलं अक्षर असेल तर ते, अमिनो आम्लाचं नाव, कोणत्या दोन अणूंमुळे ही जोडी लागली ते, आणि अंतर. मग पहिल्या यादीतून दुसरी वजा करा आणि दुसरीतून पहिली. दोन्ही दिशांनी करायचं, कारण एकीकडे तीस जोड्या जास्तीच्या आणि दुसरीकडे दुसऱ्याच तीस जास्तीच्या असतील तर बेरीज तंतोतंत जुळते आणि याद्या मात्र साफ वेगळ्या असतात. जुळलेल्या आकड्याने मला न जुळलेल्यापेक्षा जास्त वेळा फसवलंय.

उरलेल्या ओळी डोळ्यांनी वाचा. सगळ्या शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या जोड्या असतील तर कारण एक, सगळ्या एकाच लूपभोवती, म्हणजे साखळीच्या एका सैल वळणाभोवती, असतील तर दुसरं, सगळ्यांत मेथिओनिन दिसत असेल तर तिसरं.

याच्या जोडीला अंतरानुसार क्रम लावून सगळ्यात छोटी दहा अंतरं बघायची सवय लावा. एकमेकांशी बंध नसलेले दोन जड अणू, म्हणजे हायड्रोजन सोडून बाकीचे, सहसा अडीच अँगस्ट्रॉमच्या आत येत नाहीत. हायड्रोजन बंधातसुद्धा नायट्रोजन ते ऑक्सिजन अंतर २.९ च्या आसपास असतं. त्याहून जवळ असतात ते बांधलेलेच अणू: पेप्टाइड बंधातले कार्बन आणि नायट्रोजन १.३३ वर, डायसल्फाइडमधले, म्हणजे दोन रेसिड्यूंना जोडणाऱ्या बंधातले, दोन गंधक २.०५ वर. दोन वेगवेगळे रेसिड्यू ०.४ अँगस्ट्रॉमवर दिसले, तर तो संपर्क नाही, फाइल वाचताना झालेली चूक आहे. ती कुठली, ते पुढे येतंच.

क्रॅम्बिनवर चालवून बघा

नवी स्क्रिप्ट मी कधीही थेट खऱ्या कामाच्या प्रोटीनवर सोडत नाही. आधी क्रॅम्बिन, प्रोटीन डेटा बँकेतली (पीडीबी) १सीआरएन ही फाइल. रेसिड्यू ४६, अणू ३२७, पाण्याचा एकही रेणू नाही. डायसल्फाइड तीन: ३ आणि ४०, ४ आणि ३२, १६ आणि २६. या तीन जोड्या तुमच्या यादीत नसतील तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

४६ रेसिड्यूंच्या एकूण शक्य जोड्या १०३५. बरेच घोळ इथे निव्वळ अंकगणितावर पकडता येतात. तुमचा आकडा दुसऱ्याच्या बरोबर दुप्पट येतोय? तुम्ही मॅट्रिक्सचे दोन्ही अर्धे मोजताय, ‘३ ते ४०’ एकदा आणि ‘४० ते ३’ पुन्हा एकदा. दुप्पट अधिक ४६? कर्णही मोजलात, प्रत्येक रेसिड्यूचा स्वतःशीच संपर्क. आकडा हजारांत गेला? मग रेसिड्यूंच्या जोड्यांऐवजी अणूंच्या जोड्या मोजल्यात. हसू नका, हे मी छापायला निघालेल्या मजकुरात पाहिलंय.

जवळजवळ सगळ्या १०३५ जोड्या लागल्या किंवा एकही लागली नाही, तर एककं तपासा. एमडीट्राज ही पायथन लायब्ररी अंतरं नॅनोमीटरमध्ये देते, एमडीॲनालिसिस ही दुसरी अँगस्ट्रॉममध्ये. नॅनोमीटर मागणाऱ्याला ४.५ दिलं की तुम्ही ४५ अँगस्ट्रॉमचा गोल टाकलात, त्यात अख्खं क्रॅम्बिन मावतं.

फरक ४५ ते ८९ च्या दरम्यान आणि वजाबाकीत फक्त शेजारीच उरले, तर एका बाजूने साखळीतले लगतचे रेसिड्यू वगळलेत. लगतच्या जोड्या ४५ आणि एक सोडून एक ४४, मिळून ८९. एमडीट्राजचं संपर्क काढणारं फंक्शन सगळ्या जोड्या मागितल्या तरी पहिल्या आणि दुसऱ्या शेजाऱ्याला मुळातच सोडून देतं. तसं त्याच्या माहितीपानावर स्पष्ट लिहिलंय, पण ते वाचायची वेळ सहसा आकडा चुकल्यावरच येते.

व्याख्या: थोडक्यात, पण टाळता न येणारी

‘संपर्क’ या शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी चालतात. सी-अल्फा (रेसिड्यूचा कण्यातला मधला कार्बन) ते सी-अल्फा ८ अँगस्ट्रॉम, सी-बीटा (बाजूसाखळीचा पहिला कार्बन) ते सी-बीटा ८ अँगस्ट्रॉम, आणि दोन रेसिड्यूंमधल्या कोणत्याही दोन जड अणूंचं किमान अंतर ४.५ किंवा ५. प्रोटीनच्या रचनेचं भाकीत करायच्या कॅस्प स्पर्धेत सी-बीटाची व्याख्या वापरतात, आणि ग्लायसिनला सी-बीटा नसतोच म्हणून त्याच्यापुरता सी-अल्फा. हा अपवाद लिहायला विसरलात तर सगळे ग्लायसिन यादीतून नाहीसे होतात. वजाबाकीत प्रत्येक ओळीत ग्लायसिन दिसलं की हेच समजा.

सी-अल्फाच्या व्याख्येत एक मजा आहे, ती मी तपासणीसाठी वापरते. लगतच्या दोन सी-अल्फांमधलं अंतर ३.८ अँगस्ट्रॉम. सिस पेप्टाइड (पेप्टाइड बंधाची दुर्मिळ, आखडलेली मांडणी) असेल, म्हणजे बहुधा पुढे प्रोलिन असेल, तर साधारण ३. आता ३.८ दुणे ७.६. म्हणजे साखळी कितीही ताणली तरी एक सोडून पुढचा सी-अल्फा ८ च्या आत असायलाच हवा. तुमच्या ८ अँगस्ट्रॉमच्या यादीत अशी एखादी जोडी *नसेल*, तर तिथे साखळी तुटलेली आहे किंवा तुमची क्रमवारी चुकलेली आहे, तिसरी शक्यता नाही. पन्नास ओळींच्या तपासणीपेक्षा ही एक ओळ जास्त चुका पकडते. अल्फा हेलिक्समध्ये, म्हणजे साखळीच्या सर्पिल गुंडाळीत, तिसरा आणि चौथा शेजारीही ८ च्या आत येतो, साधारण ५ आणि ६.२ वर, त्यामुळे हेलिक्सने भरलेल्या प्रोटीनचा आकडा आपसूक फुगतो. म्हणूनच कॅस्पमध्ये साखळीतलं अंतर ६ ते ११ असेल तर जवळचे, १२ ते २३ मधले आणि २४ पासून पुढे लांबचे संपर्क, अशी वेगळी वर्गवारी करतात. दोन प्रोटीनांची तुलना करायची असेल तर लांबच्यांचीच करा.

क्रमांक हे क्रमांक नसतात

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक इथली. एका अँटिबॉडीचे तिच्या अँटिजेनशी (ती ज्याला धरते त्या रेणूशी) होणारे संपर्क काढत होते. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक रेसिड्यूसाठी एक कप्पा, आणि कप्प्यावर चिठ्ठी: साखळी अधिक क्रमांक. ‘एच १००’, एच म्हणजे अँटिबॉडीची जड साखळी. निकाल स्वच्छ आला, आलेख सुंदर आला, फक्त तिसऱ्या सीडीआर लूपचे (सीडीआर म्हणजे अँटिजेन पकडणारे लूप) संपर्क नगण्य. जड साखळीचा हा लूप अँटिजेनला धरण्यात सहसा सगळ्यात पुढे असतो, आणि इथे तो हात बांधून बसलेला. मी दोन दिवस त्यावर स्पष्टीकरणं रचली. ‘वेगळ्या पद्धतीने जोडणारी अँटिबॉडी’ वगैरे.

शेवटी फाइल साध्या एडिटरमध्ये उघडली आणि त्या भागापाशी गेले. १००, मग १००ए, १००बी, १००सी, असं करत लूप संपल्यावर १०१. अँटिबॉडींसाठीच्या कबाट क्रमांकनात असंच असतं. लांबी बदलणाऱ्या लूपमध्ये जास्तीचे रेसिड्यू आले की त्यांना क्रमांक नवा न देता अक्षर लावतात, म्हणजे पुढचे ओळखीचे क्रमांक हलत नाहीत. जड साखळीत ५२ए, ८२ए, ८२बी, ८२सी हे नेहमीचेच. पीडीबीच्या ओळीत क्रमांक २३ ते २६ या स्तंभांत असतो आणि हे अक्षर २७ व्या स्तंभात, एकटं. माझी स्क्रिप्ट २६ व्या स्तंभावर थांबत होती. त्यामुळे १०० पासून निघालेला अख्खा लूप एका कप्प्यात कोंबला गेला आणि शेवटी आत शिरलेला तेवढा जगला.

तीच ३.८ ची तपासणी तेव्हा लावली असती तर ९९ आणि १०० मधलं अंतर बघूनच कळलं असतं. रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनमध्ये ६०ए ते ६०आय असा लूप आहे, तोही याच कारणाने गडप होतो. कप्प्यावरची चिठ्ठी कायम तिहेरी ठेवा: साखळी, क्रमांक, अक्षर. बायोपायथन या लायब्ररीत रेसिड्यूची ओळख मुळातच हेटरो खूण (पाणी किंवा नेहमीच्या अमिनो आम्लांबाहेरचा रेणू असल्याची), क्रमांक आणि अक्षर अशी असते. ती तशीच्या तशी वापरा, तिच्यातला मधला आकडा उपटून काढू नका.

याची उलट बाजूही आहे. क्रमांकांत खंड दिसला म्हणजे रेसिड्यू गायब आहेत असं नाही. ट्रिप्सिनसारख्या प्रोटिएझना (प्रोटीन कापणाऱ्या विकरांना) कायमोट्रिप्सिनचे क्रमांक देतात, त्यात काही आकडे सरळ ओलांडले जातात आणि साखळी मात्र अखंड असते. तर दुसरीकडे क्रिस्टलमध्ये लूप हलता असेल तर तो खरोखरच नसतो. पीडीबी फाइलीच्या सुरुवातीच्या टिपांपैकी रिमार्क ४६५ मध्ये त्याची यादी असते. अशा वेळी यादीतलं स्थान धरून शेजारी ठरवलेत तर दहा रेसिड्यूंच्या भगदाडापलीकडचा माणूस शेजारी ठरतो आणि वगळला जातो. खंड खरा की खोटा, हे एकाच गोष्टीवरून ठरवा: आधीच्याचा कार्बन आणि पुढच्याचा नायट्रोजन १.३३ च्या आसपास आहेत का.

एमएमसीआयएफ, म्हणजे पीडीबीच्या नव्या स्वरूपातल्या, फाइलमध्ये तर प्रत्येक रेसिड्यूला दोन क्रमांक असतात. एक ‘ऑथ’, म्हणजे रचना सोडवणाऱ्यांनी दिलेला, शोधनिबंधात छापलेला. दुसरा ‘लेबल’, म्हणजे नमुन्याच्या क्रमात १ पासून सरळ मोजलेला. साखळ्यांची नावंही दोन. बायोपायथनचा वाचक सांगितलं नाही तर ऑथ घेतो, दुसरा एखादा प्रोग्राम लेबल घेईल. वजाबाकीत दोन्ही याद्यांतलं *सगळंच* उरलं आणि क्रमांक ठरावीक आकड्याने सरकलेले दिसले, की कारण हेच. सरकणं मध्येच बदलत असेल, तर वर सांगितलेली अक्षरं किंवा खंड आहेत. आणि तिसरा क्रमांक युनिप्रॉटचा, म्हणजे प्रोटीनक्रमांच्या डेटाबेसचा. सिकल सेलचा बदल हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी आहे असं सगळे म्हणतात, रचनेतही तो ६ वर सापडतो, पण युनिप्रॉटच्या क्रमात सुरुवातीचं मेथिओनिन धरलेलं असल्याने तो ७ वर आहे. म्यूटेशनची यादी एकीकडून आणि रचना दुसरीकडून घेतलीत तर एका घराने चुकता आणि शेजाऱ्याचे संपर्क मोजून येता.

अर्धं हिमोग्लोबिन

हा घोळ पुन्हा पुन्हा उगवतो, कारण त्याचं औषध दुसऱ्याच आजाराला जन्म देतं.

ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन २एचएचबी मध्ये आहे, ऑक्सिजन असलेलं १एचएचओ मध्ये. दोन्हींतले साखळ्यांमधले संपर्क काढून तुलना करायची, हा अभ्यासाचा आवडता धडा. पहिल्यात चार साखळ्या मिळतात, दुसऱ्यात दोनच, एक अल्फा आणि एक बीटा. स्क्रिप्ट बिनतक्रार चालते आणि सांगते की ऑक्सिजन आला की निम्म्याहून जास्त आंतर-साखळी संपर्क नष्ट होतात. हिमोग्लोबिन आकार बदलतं हे आपल्याला माहीत असतंच, त्यामुळे निकाल खराही वाटतो! खरं एवढंच की डीऑक्सी रूपात बीटा साखळीच्या शेवटच्या हिस्टिडिन १४६ चा कार्बॉक्सिल टोकाकडचा भाग समोरच्या जोडीतल्या अल्फाच्या लायसिन ४० शी क्षारसेतू (विरुद्ध विद्युतभारांची जोडणी) करतो, आणि ऑक्सी रूपात तो तुटतो. पण १एचएचओ मध्ये ती समोरची जोडी फाइलीतच नाही. तुटलेला संपर्क आणि कधी मोजलाच न गेलेला संपर्क, दोन्ही यादीत सारखेच अनुपस्थित दिसतात.

फाइलीत असतं ते क्रिस्टलचं असममित एकक, म्हणजे सममितीने फिरवून सगळा क्रिस्टल उभा करता येईल असा किमान तुकडा. जैविक रेणू त्याच्याएवढाच, त्याच्या दुप्पट किंवा निम्मा असू शकतो. कसा उभारायचा हे रिमार्क ३५० मध्ये असतं, आणि उभारलेली जैविक असेंब्लीची फाइलही डेटा बँकेतून मिळते. तर औषध सोपं: असेंब्लीची फाइल घ्या.

घेतली. पुन्हा दोनच साखळ्या! जुन्या पीडीबी स्वरूपातल्या असेंब्ली फाइलमध्ये सममितीने तयार झालेली प्रत वेगळं ‘मॉडेल’ म्हणून ठेवलेली असते, साखळ्यांची नावं तीच, ए आणि बी. आणि तुमच्या स्क्रिप्टमध्ये ‘फक्त पहिलं मॉडेल घ्या’ अशी एक ओळ आहे. ती का आहे? कारण मागे कधीतरी तुम्ही एनएमआरची, म्हणजे चुंबकीय अनुनादाने सोडवलेली, रचना घातली होती. त्यात एकाच प्रोटीनची वीसेक मॉडेलं एकमेकांवर ठेवलेली असतात, स्क्रिप्टने सगळ्यांचे अणू एकत्र केले आणि पहिल्या मॉडेलमधला रेसिड्यू १० दुसऱ्या मॉडेलमधल्या रेसिड्यू ११ ला ०.४ अँगस्ट्रॉमवर भेटला. तेव्हा ती ओळ घातली आणि प्रश्न मिटला. आता तीच ओळ हिमोग्लोबिनचा अर्धा भाग फेकून देतेय.

म्हणून ‘मॉडेल’ या शब्दावर सरसकट नियम नको. एनएमआर असेल तर प्रत्येक मॉडेलमधले संपर्क वेगवेगळे मोजा आणि किती मॉडेलांत जोडी टिकली ते लिहा. असेंब्ली असेल तर सगळी मॉडेलं एकत्र घ्या आणि साखळ्यांना नवी नावं द्या, नाहीतर दुसऱ्या प्रतीतली ए पहिल्या ए च्या कप्प्यात जाऊन बसेल. एमएमसीआयएफ असेंब्ली घेतली तर नावं आधीच वेगळी असतात, तो मार्ग कमी कटकटीचा. मोजण्याआधी साखळ्या आणि रेसिड्यू छापा. हिमोग्लोबिनच्या अल्फात १४१, बीटात १४६, चार मिळून ५७४. एवढे दिसले नाहीत तर थांबा.

असममित एककात उलटा घोळही होतो: दोन प्रती शेजारी असतात, चिकटलेल्या असतात, पण ते निव्वळ क्रिस्टलमधलं शेजारपण. यादीत ते खऱ्या जोडणीसारखंच दिसतं.

एकाच अणूच्या दोन जागा

चांगल्या रिझोल्यूशनच्या रचनांत पृष्ठभागावरच्या बाजूसाखळ्या दोन स्थितींत दिसतात आणि दोन्ही नोंदवल्या जातात, ए आणि बी, १७ व्या स्तंभात, प्रत्येकाची व्याप्ती, म्हणजे ती स्थिती किती हिश्शाने आढळते ते, सोबत. दोन्ही एकदम यादीत घेतल्या तर एकाची ए स्थिती शेजाऱ्याच्या बी ला स्पर्श करते, जी वेळ त्या दोघांवर कदाचित कधीच येत नसेल. बायोपायथन जास्त व्याप्तीची जागा निवडतं. अर्धी-अर्धी व्याप्ती असेल तर कोणती उचलायची हे प्रोग्रामागणिक ठरतं, आणि दोन आकड्यांमधला चिवट, तीन-चार जोड्यांचा फरक बऱ्याचदा इथून येतो.

क्रॅम्बिनचीच ०.५४ अँगस्ट्रॉम रिझोल्यूशनची १ईजेजी ही रचना घ्या. क्रॅम्बिनमध्ये २२ व्या जागी प्रोलिन किंवा सेरिन आणि २५ व्या जागी ल्युसिन किंवा आयसोल्युसिन असतं, एकाच नमुन्यात दोन्ही. म्हणजे इथे अणूच्या दोन जागा नाहीत, एका जागी दोन अमिनो आम्लं आहेत. स्क्रिप्ट खरोखर भक्कम आहे का, हे बघायला यापेक्षा चांगली फाइल नाही. त्यात हायड्रोजनही आहेत, आणि ते गाळायची पद्धतही इथेच तपासून घ्या. अणूचं नाव एच ने सुरू होतं का असं बघू नका. जुन्या फाइलींत १एचबी अशी आकड्याने सुरू होणारी नावं असतात, आणि पाऱ्याचं चिन्हही एच ने सुरू होतं. ७७-७८ स्तंभांतलं मूलद्रव्य बघा.

गळालेले आणि घुसलेले

पाणी काढायला म्हणून ‘हेटॲटम’च्या (नेहमीच्या अमिनो आम्लांबाहेरच्या अणूंच्या) सगळ्या ओळी उडवल्या की सेलेनोमेथिओनिनही, म्हणजे गंधकाऐवजी सेलेनियम असलेलं मेथिओनिनही, उडतं. फेजिंगसाठी, म्हणजे एक्स-रे मोजमापांवरून रचना सोडवण्यासाठी, मेथिओनिनच्या जागी ते घातलेलं असतं आणि नोंद हेटॲटममध्ये होते. मेथिओनिन बहुधा गाभ्यात असतं, त्यामुळे नेमके गाभ्यातले संपर्क जातात आणि प्रोटीन पोकळ झाल्यासारखं वाटतं. पाणी नावाने काढा.

उलट घुसखोरी कॅल्शियमची. सी-अल्फाचं अणुनाव ‘सीए’ आणि कॅल्शियमचंही ‘सीए’. मूळ फाइलीत फरक फक्त एका स्तंभाच्या सरकण्याचा, आणि वाचणारा प्रोग्राम मोकळ्या जागा छाटतो. कॅल्मोड्युलिन चार कॅल्शियम धरतं, तर तुमचे ‘रेसिड्यू’ चारने वाढतात, आणि हे चार जण भोवतालच्या ॲस्पार्टेट-ग्लुटामेटांशी भरपूर संपर्क करतात. मला एकदा नेटवर्कच्या आलेखात सगळ्यात महत्त्वाचा रेसिड्यू म्हणून धातूचा आयन मिळाला होता.

शिवाय पृष्ठभागावरचं एखादं लायसिन नावाला लायसिन असतं, पण सी-बीटाच्या पुढचे अणू इलेक्ट्रॉन-घनतेत दिसले नाहीत म्हणून लिहिलेलेच नसतात. अशी यादी रिमार्क ४७० मध्ये असते. सी-बीटाच्या व्याख्येत याचा संपर्क लागतो, किमान अंतराच्या व्याख्येत लागत नाही.

भाकीत केलेली मॉडेलं

रचनेचं भाकीत करणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रोग्रामच्या फाइलीत वरचे बरेच घोळ नसतात. खंड नाहीत, दोन स्थिती नाहीत, क्रमांक सरळ. त्यामुळे लोक निर्धास्त होतात. पण बी-फॅक्टरच्या (क्रिस्टलच्या रचनेत अणूची जागा किती अनिश्चित ते सांगणाऱ्या) स्तंभात तिथे पीएलडीडीटी हा विश्वासाचा गुण असतो, ० ते १००. क्रिस्टलसाठी लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये ‘बी-फॅक्टर ६० च्या वर असेल तर रेसिड्यू सोडा’ अशी गाळणी असते. ती इथे लावली की सगळ्यात भरवशाचे रेसिड्यू जातात आणि मागे उरतात त्या ५० च्या खालच्या, हवेत लोंबणाऱ्या फिती. ही चूक एका विद्यार्थिनीच्या कॉन्टॅक्ट मॅपमध्ये मला दिसली ती केवळ मॅप जवळपास कोरा होता म्हणून.

७० च्या खालचे रेसिड्यू मी संपर्कात धरत नाही. आणि दोन डोमेनांमधल्या (प्रोटीनच्या स्वतंत्र घडीच्या भागांमधल्या) संपर्कासाठी तेवढंही पुरत नाही: दोन्ही डोमेन स्वतंत्रपणे ९० च्या वर असू शकतात आणि त्यांची एकमेकांसापेक्ष मांडणी निव्वळ अंदाज असू शकते. त्यासाठी पीएई, म्हणजे रेसिड्यूंच्या सापेक्ष जागेतली अंदाजित चूक, बघावं लागतं.

सिम्युलेशन

सिम्युलेशनमध्ये प्रोटीनची हालचाल संगणकात एका खोक्यात चालवतात, आणि एका भिंतीतून बाहेर गेलेला अणू समोरच्या भिंतीतून आत येतो. इथे घोळ एकच मोठा, खोक्याच्या सीमेचा. कॉम्प्लेक्समधलं, म्हणजे एकमेकांना धरून असलेल्या प्रोटीनांतलं, एक प्रोटीन भिंत ओलांडून पलीकडून आत आलं की मधले सगळे संपर्क एका फ्रेममध्ये शून्य होतात आणि पुढच्या फ्रेममध्ये परत येतात. काळानुसार आलेखात अशी उभी दरी दिसली तर ती उलगडण्याची घटना नसते. आधी रेणू अखंड करा, कॉम्प्लेक्स एकत्र आणा, मग मोजा. उलट, सीमा लक्षात घेऊन मोजताना प्रोटीनच्या दोन विरुद्ध टोकांचे संपर्क दिसू लागले, तर प्रोटीन स्वतःच्याच प्रतिबिंबाला भेटतंय. ही मोजण्याची चूक नाही, खोकं लहान पडलंय. ग्रोमॅक्स या सिम्युलेशन प्रोग्राममध्ये किमान अंतराच्या साधनात प्रतिबिंबापर्यंतचं अंतर काढायची वेगळी सोय आहे, ती आधी वापरा.

उरलेल्या दोन-चार जोड्या

हे सगळं केल्यावरही दोन ओळी उरतात. अंतर बघा: ४.४९७ आणि ४.५०३. पीडीबीत निर्देशांक तीन दशांशांपर्यंत लिहिलेले असतात म्हणून ते अंतर तितकं अचूक असतं असं नाही. दोन अँगस्ट्रॉम रिझोल्यूशनच्या रचनेत तिसरा दशांश निव्वळ छपाई आहे. म्हणून मी आकडा एकाच कटऑफला देत नाही, ४, ४.५ आणि ५ ला देते, आणि निष्कर्ष तिन्हींवर टिकत नसेल तर लिहीत नाही. सिम्युलेशनमध्ये काटेकोर सीमेऐवजी घसरती सीमा वापरता येते. बेस्ट, हमर आणि ईटन यांनी २०१३ मध्ये मूळ रचनेतल्या संपर्कांसाठी मांडलेल्या पद्धतीत जोडी एकदम तुटत नाही, अंतर वाढेल तसं तिचं वजन १ कडून ० कडे उतरत जातं, आणि मूळ अंतराच्या १.८ पटीपर्यंत तिला सवलत असते.

क्रिस्टलच्या एकाच रचनेत मात्र अशा सीमेवरच्या जोड्या उरल्या की मी त्यांना ‘सीमेवर’ असं लिहून यादीच्या तळाशी ठेवते आणि फाइल बंद करते.